अकरा पिंपांचं पाणी

१६ एप्रिल, बुधवार

पोचले एकदाची दिघीला! आगरदांड्याहून फेरीबोटीत चढले तर शेजारी कलिंगडांचा टेम्पो. टेम्पोवाला सबंध खाडीभर मला पटवत होता, ताई एक घ्याच, आत साखर भरलीय साखर. घेतलं. आता इथे सुरी नाही, त्यामुळे ते कलिंगड माझ्या खाटेखाली पाहुण्यासारखं बसून आहे.

नोकरी बर्फाच्या कारखान्यात. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि मला पगार थंडीचा! आईला फोन केला तर म्हणाली, बरं झालं, डोकं थंड राहील तुझं. मग नेहमीचा प्रश्न, अमिषा, इथे किती दिवस? थळला मोबाइलच्या दुकानात चार महिने टिकले. काशीदला मैत्रिणीबरोबर, शिवानीबरोबर, समुद्रावरच्या बोटींची तिकिटं फाडायला दोन महिने. दहावीला दोनदा बसले, दोन्ही वेळा विज्ञानाने उडवलं. एका जागी बूड टेकत नाही माझं, मान्य. पण या नोकरीची मुदतच एकवीस दिवसांची आहे. म्हणजे निदान इथून मी पळून गेले असं कुणाला म्हणता येणार नाही.

कारखाना दोन वर्षं बंद होता. पूर्वी इथून होड्यांना बर्फ जायचा, मग मुरुडकडे नवा कारखाना झाला आणि याला कुलूप लागलं. कुलदीप सरांनी तो तीन महिन्यांसाठी घेतलाय. सर म्हणजे तिशीतला बारका माणूस, चष्म्याला दोरी, बोलताना बोटाने हवेत नळ काढत जातो. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून जेट्टी दिसते. ही वही सरांनीच दिली, आकडे लिहायला. पुढून आकडे, मागून मी.

१७ एप्रिल, गुरुवार

काम समजलं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

लांब कुठेतरी बर्फाळ मुलखात (नाव सांगायचं नाही, सरांनी तसं लिहून दिलंय) एक बंद पडलेली खाण आहे. तिच्या खड्ड्यात पाणी साठून तलाव झालाय. खाली चार किलोमीटरवर गाव आहे, त्या गावाला हे पाणी द्यायचंय. हिवाळ्यात तिथे इतकी थंडी की पाणी नळातच गोठतं आणि नळ फुटतात. सरांनी पंप कुठला, नळ केवढा, वाटेत पाणी तापवायला किती हीटर, हे सगळं आखायचंय. तिथे सारखं जाता येत नाही, म्हणून तिथली थंडी इथे आणलीय.

कशी? कारखान्याचा जुना हौद आहे, मिठाच्या पाण्याचा. यंत्र त्याला शून्याच्या कितीतरी खाली नेतं तरी तो गोठत नाही. हे मला शिकवायला नको, पेणकडे आमच्या आजोबांचं मिठागर होतं. पूर्वी त्या हौदात डबे बुडवून बर्फाच्या लाद्या करत. आता सरांनी त्यात नळाची वेटोळी सोडलीत. बाजूला एक पोलादी टाकी. टाकीतलं पाणी पंपाने नळात जायचं, थंडीतून फिरून परत टाकीत यायचं. एकवीस दिवस. मी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी दोन आकडे लिहायचे, जातं पाणी किती अंश, येतं पाणी किती अंश. बाकी वेळचे आकडे यंत्र आपोआप टिपतं.

नियम एकच. पाणी चालतं ठेवायचं. थांबलं की गोठलं, गोठलं की मेलं, असं सर म्हणाले. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. हसले नाहीत.

भागोजीतात्यांची ओळख झाली. तीस वर्षं याच कारखान्यात लाद्या काढल्या, आता सरांनी यंत्र सांभाळायला परत बोलावलंय. परवा जुन्या सामानाच्या खोलीचं कुलूप उघडताना लाद्या उचलायचा जुना आकडा हातात घुसला, म्हणून उजव्या पंजाला हे पट्टीचं गाठोडं. मला बघून म्हणाले, सायबानं मानूस मागितला व्हता, ही तर काडी हाय. त्यांच्या बायकोची, कोकिळाकाकूंची, जेट्टीवर खानावळ. त्यांच्याकडून सुरी आणली आणि कलिंगड कापलं. मी डावरी, सुरी डाव्या हातात, कलिंगड उजव्याने धरलेलं. घसरली. उजव्या अंगठ्याखाली लागलं, फार नाही. कलिंगड पांढरं निघालं. टेम्पोवाल्याचं वाटोळं होवो.

१९ एप्रिल, शनिवार

आज टाकी भरली. खाणीतलं खरं पाणी आलंय, जहाजाने. अकरा निळी पिंपं. सर म्हणाले तिथल्या पाण्यात जे काही विरघळलंय ते इथल्या पाण्यात कुठून असणार, म्हणून तेच हवं.

तात्यांनी पहिल्या पिंपाचं झाकण काढून नाक लावलं. वास न्हाय, चव न्हाय, म्हणाले, हे पानी कुनाचंच न्हाय. मग त्यांनी पाणी ओतायला नकार दिला! म्हणे आधी हात दावाया पायजे. इथे हौद पहिल्यांदा भरताना सगळ्यात जुन्या माणसाने उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरायचा, भरणं चाललंय तोवर. पाण्याला माणसाची ऊब कळते, ते माणसाला ओळखतं, मग वर्षभर कुणाची बोटं खात नाही. आणि मोसम संपला की त्याच हाताने, तेवढंच मोजून, निरोप घ्यायचा. न्हायतर पानी वाट बघत बसतं. सर घड्याळ बघत म्हणाले, करा काय ते, पण लवकर, मला झाकणाला सील लावायचंय.

पण तात्यांच्या हाताला जखम. जखमेचा हात दाखवायचा नसतो, पाण्याला रक्ताची गोडी लागते म्हणे. मग कोण? सर नको म्हणाले. मी उड्या मारत पुढे. तात्यांनी विचारलं, हात साबूत हाय ना गो? मी म्हटलं, हो. खरं सांगते, अंगठा त्या क्षणी आठवलाच नाही. आठवला तो हात आत गेल्यावर, चुरचुरला तेव्हा. तेवढ्यासाठी बाहेर काढून काय सगळ्यांचा खोळंबा करायचा?

तात्या मोजत होते आणि दोन हमाल पिंपं ओतत होते. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, धान्य मोजतात तसं. लाभ, दोन, तीन. सातपर्यंत हात बधिर झाला. अकराला काहीतरी वेगळं वाटलं. लहान मूल झोपताना आपलं बोट धरतं ना, अगदी तसं पाणी बोटांभोवती जरा घट्ट झालं. हात काढला तर सगळे टाळ्या वाजवत होते.

मग सरांनी झाकण बसवलं, तारेला शिशाचं सील ठोकलं. एकवीस दिवस हात लावायचा नाही. १० मेला उघडायचं. पंप सुरू. छान एकसुरी आवाज आहे त्याचा, मांजर घुरघुरतं तसा.

२१ एप्रिल, सोमवार

जातं पाणी २ अंश. येतं पाणी अर्धा अंश. दिवसभर हेच. सर म्हणाले बरोबर आहे, वाटेत थंडीने ऊब खाल्ली. आणखी थोडी खाल्ली की गोठेल, मग हीटर कुठे लावायचा ते कळेल.

दोन वाचनांच्या मधे करायला काही नाही. जेट्टीवर जाऊन बसते. आज एका बाईच्या टोपलीतला खेकडा सुटला आणि फेरीत शिरला. तिकिटवाला म्हणाला जाऊ द्या, त्याला फुकट. त्या नादात बाराचं वाचन एकला घेतलं. लिहिलं बाराच.

२४ एप्रिल, गुरुवार

जातं २. येतं ४.

मला वाटलं मीच उलटं वाचलं. पुन्हा बघितलं. थंडीतून फिरून आलेलं पाणी जाताना होतं त्याहून गरम. सरांना फोन केला, ते मुरुडला राहतात. म्हणाले तापमापक बिघडलाय, उद्या नवा आणतो.

तात्या पंपाच्या नळाला कान लावून बसले होते. स्क्रू पिळायचा पेचकस दांड्याकडून कानाला, टोक नळाला, असं ते यंत्राचं दुखणं ऐकतात. मी विचारलं काय ऐकू येतं? म्हणाले काय न्हाय. मग बराच वेळ तसेच बसले.

२७ एप्रिल, रविवार

तीन तापमापक झाले. तिन्ही एकच सांगतात. जातं २, येतं ११.

सर आनंदाने वेडे झालेत. आधी म्हणाले पंपाच्या घासण्याची ऊब असेल. हिशेब केला, जुळला नाही. मग म्हणाले पाण्यातच काही खनिज असेल, जे थंडीत तापतं. म्हणजे हीटर लागणारच नाहीत! गावापर्यंत पाणी आपलं आपण ऊबदार जाईल. तीन वर्षं या आराखड्यावर काढलीत त्यांनी. मला पेढा दिला.

मी म्हटलं, सर, पण अकरा अंशाचं पाणी रोज टाकीत पडतंय, तर टाकी दोन अंशांवरच कशी? माझं विज्ञान कच्चं, पण पातेल्यात गरम पाणी ओतत राहिलं तर पातेलं गरम होतं की नाही? ती ऊब जाते कुठे?

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, चांगला प्रश्न आहे. मग दुसराच विषय काढला.

२९ एप्रिल, मंगळवार

येतं १७.

मला बरं नाही. बाहेर पस्तीस अंश आहे आणि मी चादर घेऊन जेट्टीवर बसले. कोकिळाकाकूंनी हात धरला आणि दचकल्या, काय गो हे, बाजारातल्या सुरमईवानी हात तुजा! तापाची कांडी लावली. पस्तीस पॉइंट एक. काकू म्हणाल्या हिला ताप न्हाय, हिचा ताप पळालाय.

अंगठ्याखालची चीर बरी होत नाही. पिकत नाही, दुखत नाही, पण मिटतही नाही. आत पांढरी आहे.

तात्यांनी ती बघितली. कधीची, विचारलं. मी कलिंगडाचं सांगितलं. माणूस एकदम खाली बसला.  काकूच बोलल्या, हात दाखवून अवलक्षण केलंस बाय.

१ मे, गुरुवार

तात्यांच्या हाताची जखम चिघळली. लेक नूतन पनवेलहून गाडी घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. इस्पितळात ठेवणार आहेत. जाताना तात्या मला सांगत होते की निरोप घे, पानी चालतं असताना घे, थांबलेल्या पान्याचा निरोप घेता येत न्हाय. अकराच मोज. नूतन म्हणाली बाबा, चला आता. खानावळीला कुलूप.

सरांच्या टेबलावर खाणीची फाइल पडली होती. इंग्रजी मला जेमतेम, पण मोबाइलने भाषांतर करून वाचली, नाद म्हणून. जुनी खाण जमिनीखाली होती. आत झिरपणारं पाणी पंप रात्रंदिवस उपसायचे. एका हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पंप थांबवले, कुणीतरी म्हणालं खाली कुणी नाही. खाली लोक होते. पाणी चढलं आणि वरून गोठलं. वसंतात बर्फ वितळला तरी कुणाला काढता आलं नाही, मग खाण तशीच सोडली.

अकरा माणसं.

सरांना विचारलं. म्हणाले खाणीत असं होतं, फार जुनी गोष्ट आहे. पिंपं अकराच का मागवली, हेही विचारलं. तेवढीच टाकीत मावतात, म्हणाले. खरंच तेवढीच मावतात.

येतं २१. माझं ३४ पॉइंट २. दोन्ही आकडे आता शेजारी शेजारी लिहिते.

२ मे, शुक्रवार

पळून जायचं ठरवलं. त्यात मी पटाईत आहे.

सकाळची फेरी. काशीदला शिवानीकडे जाणार होते. फेरी सुटली तेव्हा बरी होते. खाडीच्या मध्यावर दात वाजायला लागले. ऊन रणरणत होतं, लोखंड शिवता येत नव्हतं, आणि मी इंजिनाच्या पत्र्याला पाठ लावून उभी. तिकिटवाला म्हणाला, काय गं, काश्मीरला निघालीस का? लोक हसले. आगरदांड्याला उतरले तेव्हा नखं निळी होती.

तरी रिक्षात बसले. मुरुडला पोचेपर्यंत पायाची बोटं गेली, म्हणजे होती पण कळत नव्हती. स्टँडवर पडले. कुणीतरी डॉक्टरकडे नेलं. त्याने तापाची कांडी तीनदा झटकली, मग नर्सला म्हणाला ही खराब आहे, दुसरी आण. दुसरीपण तेच. त्याने अलिबागला न्यायला सांगितलं.

अलिबाग आणखी लांब. मला तेव्हा कळलं. विज्ञान नाही लागलं त्याला.

परत फिरले. रिक्षात जरा बरं. फेरीत आणखी बरं. दिघीच्या धक्क्यावर बोटं परत आली. कारखान्यात शिरले आणि येत्या नळाला मिठी मारली. गरम. चुलीजवळ बसल्यासारखं. कितीतरी वेळ रडत होते, आणि खरं सांगते, इतकं बरं मला कुठल्याच गावात वाटलं नव्हतं.

माझी ऊब त्या नळात आहे. मी लांब गेले की ती मागे राहते.

४ मे, रविवार

येतं २७. माझं ३३.

खाट खाली आणली, नळाशेजारी. इथे बरं असतं. दहा पावलं लांब गेलं की कापरं भरतं. जेट्टी आता लांब. संडास लांब.

पेचकस कानाला लावून बघितला. तात्यांनी मला का सांगितलं नाही ते कळलं. पंपाच्या आवाजामागे टकटक आहे. टक. मग थांबून टक. मोजली. अकरा. मग शांत. मग परत पहिल्यापासून.

कुणीतरी आतून वाजवून सांगतंय की आम्ही आहोत.

आईचा फोन. म्हणाली आवाज का असा? म्हटलं बर्फाच्या कारखान्यात आहे ना. म्हणाली, अगो ये ना घरी आता. येईन म्हटलं. पहिल्यांदाच खरंच यायचंय आणि पहिल्यांदाच –

६ मे, मंगळवार

तात्यांचा फोन, नूतनच्या फोनवरून. आवाज पार खोल गेलेला. निरोप घेतलास का? म्हटलं झाकणाला सील आहे, दहा तारखेपर्यंत. म्हणाले तोड. माझा हात साबूत असता तर तुला पुडं केली नसती पोरी. तोड ते.

पक्कड घेतली. तारेला लावली. तेवढ्यात सर आले.

ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले, माझ्या खाटेवर, आणि त्यांनी हात जोडले. झाकण उघडलं की अठरा दिवस फुकट, पाणी परत येणार नाही, आराखडा मंजूर होणार नाही. तीन वर्षं. चारच दिवस राहिलेत अमिषा, दहाला सकाळी मी स्वतः सील काढतो, मग हात घाल, पाय घाल, काय हवं ते कर. मी म्हटलं, सर, माझं अंग बघा. त्यांनी बघितलं. कांडी त्यांनीच लावली. ३२ पॉइंट ३. मग त्यांनी येत्या नळावर तळवा ठेवला, आणि लगेच काढला. म्हणाले, जिवंत माणसाच्या कपाळासारखं लागतंय.

म्हणजे त्यांना कळलं. कळलं आणि तरी –

जाताना मला आपलं जाकीट दिलं. पिसांचं, जाड. त्या मुलखात जायचं म्हणून घेतलेलं. मेमध्ये, दिघीत, मी पिसांचं जाकीट घालून बसलेय. पक्कड घेऊन गेले. मी थांबते म्हटलं. मला कुणी कधी थांब म्हणून हात जोडले नव्हते.

८ मे, गुरुवार

येतं ३४. जातं २. टाकी दोनच. कधीच वाढत नाही.

माझं – कांडीवर आकडा येत नाही. दोन इंग्रजी अक्षरं येतात. लो.

सरांचा फोन. आराखडा पाठवला. हीटर काढून टाकले त्यातून. आधी एकदा बोलायचं होतं, मी म्हटलं. गावात किती माणसं आहेत? म्हणाले चारशे. म्हटलं सर, ते सगळे ते पाणी हाताने –

फोन कट झाला. का त्यांनी केला.

९ मे, शुक्रवार

दुपारी लाइट गेली. खाडीत वारा सुटलाय, कुठेतरी खांब पडला. जनरेटर आपोआप सुरू झाला. पंपाचा सूर अर्धा मिनिट खाली गेला. तेवढ्यात मी जमिनीवर. छातीत काहीतरी थांबल्यासारखं. सूर वर आला, मी उठले.

पाणी थांबलं की गोठलं. गोठलं की –

सरांना फोन. उद्या पहाटे निघतो म्हणाले. पक्कड आणतो. खरंच घाबरलेत. फेरी बंद आहे वाऱ्यामुळे, म्हसळ्याकडून फिरून येणार.

डिझेलच्या टाकीवर खूण आहे. खाली खाली जातेय. पेट्रोल पंप गावाबाहेर. लांब. मला जाता येणार नाही.

टकटक आता नळाला कान न लावता ऐकू येते.

१० मे, शनिवार

सहा. जातं २. येतं ३६.८. माझं, लो.

सर नाहीत. फोन लागत नाही. त्यांचा नाही, तात्यांचा नाही, कुणाचाच नाही.

आठ. डिझेल बोटभर. चालतं आहे तोवरच निरोप. तात्या म्हणाले होते. थांबलेल्या पाण्याचा –

साडेआठ. सर नाहीत. पक्कड नाही. लाद्या उचलायचा जुना आकडा सापडला, तात्यांच्या हातात घुसलेला. तार तुटली त्याने. सॉरी सर.

झाकण उघडलं. नितळ पाणी. तळ दिसतो. काही म्हणजे काही नाही त्यात.

वही काठावर. उजवा हात घालते. डाव्याने लिहिते. शाळेत डाव्या हातासाठी मार खाल्ला, आज बघा बाई. मोजायला कुणी नाही, म्हणून लिहून मोजते. अकरा झाले की हात काढायचा. मग घरी. पेण. आई.

लाभ. काहीतरी बोटांना चाटून गेलं.

दोन. गार नाही. कसं गार नाही? परत काही चाटून गेलं.

तीन – आता नीट लागलं

हात आहे. कुणीतरी हात धरला माझा. दिसत नाही. ऊबदार. मऊ. सोडला.

चार. आणखी एक. मोठा, खरखरीत. तोही ऊबदार. दाबला आणि सोडला. निरोप घेतायत. एकेक जण निरोप घेतोय. तात्या, खरं होतं तुमचं

पाच. सहा. रडू येतंय. ही माझीच ऊब. न्या. न्या ती

सात

आठ, हा लहान. केवढा लहान. खाणीत?

नऊ. पंप अडखळतोय

दहा. थांब. थांब जरा

अकरा. सोडला. झालं. पंप बंद. केवढं शांत. अकरा झाले, आता हात काढ–

निघत नाही. अजून एक आहे. हा गार. बर्फ. उजवा. अंगठ्याखाली चीर आहे याच्या, सुरीची, कलिंगडाच्या सुरी

बा